पुढच्या चाकांतली हवा

आप्पांच्या जुन्या स्पोर्ट्स कारला हात लावायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती. बायकोला परवानगी होती ती फक्त फडका मारण्यापुरती. आज सकाळी त्यांनी चाकांना हवा मोजायचा गेज लावून पाहिला. काल भरलेली अठ्ठावीस हवा एकतीसवर चढलेली. चाकाला हात लावला, तर गरम! म्हणजे गाडी आत्ताच कुणीतरी फिरवून आणली होती.

मुक्कामाला आलेला जावई बाहेरच्या खोलीत घोरत होता. आप्पांना ते घोरणंही खोटं वाटलं.

"तुझ्या लाडक्या जावयाचे प्रताप!" दातओठ खात ते बायकोला म्हणाले. "आता पुढच्या चाकांत चोवीसच ठेवतो. बघू कसा उंडारतो ते!"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चोवीस नको हो. वळणावर स्टिअरिंग फार जड जातं."