बुडबुडे

दोन दिवस झाले, ठकूबाईनं नवऱ्याशी अवाक्षर काढलं नव्हतं. नेरळला नणंदेकडे पंगतीत बसून सहदेव सगळ्यांदेखत म्हणाला होता, "भाकरी खावी तर आमच्या आक्काच्या हातची!" आठवडी बाजारांतून बांगड्या विकत हिंडणारं हे जोडपं. जुनी डिझेलची व्हॅन हेच त्यांचं घर, त्यामुळे रुसून जाऊन बसायला दुसरी खोलीसुद्धा नव्हती.

आज चौक गाव ओलांडून खालापूरकडे निघाले, तोच व्हॅननं चार आचके दिले आणि बंद पडली.

"पायपात हवा शिरली," म्हणत सहदेव गाडीखाली सरपटला. "मी हितनं डिझेलचा हातपंप मारतो. तू वर फिल्टरपाशी बघ. डिझेलात बुडबुडे येतायत का?"

ठकूबाईनं मान डोलावली.

"अगं, मान हलवलेली खालनं दिसत नाय!"

"हायेत," ती फणकारली.

"आन् आता?"

"हायेत."

"केवढाले?"

"मसुराएवढे."

"सगळे मसुराएवढेच? नीट बघून सांग, सवडीनं."

ओठ दाबून धरले तरी तिला हसू आवरेना. अर्धा तास झाला, बुडबुडे थांबेनात आणि खालचे प्रश्नही थांबेनात. शेवटी तिनं पदर खोचला आणि वाकून गाडीखाली तोंड घातलं.

"अवो, पुरं झालं आता. टाकीजवळचा तो नट आवळा बघू. सकाळी मी चहा गाळत होते, तवा तुमी सैल केलात तो."