उघड्या डोळ्यांचा याकोब

“डोये मिटा न जी!” सुवार्ताबाईनं नवऱ्याच्या बरगडीत कोपर खुपसलं.

याकोबनं डोळे मिटले. पाळकसाहेबांची प्रार्थना रंगात आली, तशी बाईनं स्वतःची एक पापणी हळूच वर करून पाहिलं. गडी पुन्हा टकामका बघत बसलेला! माणसाला देवाच्या दारी तरी लाज असावी की नाही?

लग्न झालं तेव्हापासून हेच. सुवार्ताबाईचा बाप मोर्शीच्या ख्रिस्ती मंडळीचा पंच होता. म्हातारा प्रार्थनेला उभा राहिला की आवाज रस्त्यापर्यंत जायचा. नाताळात तो वारल्यापासून त्याची पुढच्या ओळीतली खुर्ची रिकामी होती आणि आज वार्षिक मेळाव्यात नवा पंच निवडायचा होता. पाळकसाहेब अमरावतीहून आले होते. त्यांची अट एकच, माणूस पवित्र आत्म्यानं भरलेला पाहिजे. बापाच्या खुर्चीवर नवरा बसावा, एवढीच सुवार्ताबाईची आस होती. म्हणून तर संत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्या त्या माणसाला तिनं सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालायला देऊन बजावलं होतं.

“आज मन लावून प्रार्थना करजा. डोये मिटून. लोकाईले दिसलं पाह्यजे.”

“डोये मिटले का मले कोनी दिसत नाही न वं.”

“देव दिसते, देव! थो पुरत नाही काय तुमाले?”

याकोब नुसता हसला होता.

“ज्यांना आत्म्यानं भरून घ्यायचं आहे, त्यांनी पुढं यावं,” पाळकसाहेब म्हणाले. “बाकीच्यांनी डोळे मिटून त्यांना साथ द्यावी.”

सगळ्यांत आधी जोनासभाऊ गेले. गुडघे टेकले, हात वर केले आणि असे रडले की सदरा भिजला. खोटं कशाला बोला, त्यांची आर्त प्रार्थना ऐकून सुवार्ताबाईच्याही अंगावर काटा आला. आता यांनाही ढकलावं म्हणून तिनं कोपर मारलं. कोपर हवेत गेलं. शेजारची जागा रिकामी! मागच्या दारातून पांढरा सदरा बाहेर पडताना तिला ओझरता दिसला.

बाहेर मांडवात वांग्याची भाजी शिजत होती. वास थेट आत येत होता. अगं बाई, आजच्या दिवशीसुद्धा! दर मेळाव्यात हा माणूस अर्ध्या भक्तीतून उठून पंगतीच्या कामाला लागायचा आणि लोक हसायचे. सुवार्ताबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. शेजारणीला वाटलं, बाई आत्म्यानं भरली. तिनं कौतुकानं पाठ थोपटली. सुवार्ताबाईला तिचा हात झटकून टाकावासा वाटला.

आमेन झालं. पाळकसाहेबांनी पंचासाठी नाव विचारलं. “जोनासभाऊ!” चारी बाजूंनी आवाज आले. हात वर झाले. सुवार्ताबाईनंही केला. दुसरं करणार काय?

तेवढ्यात मागच्या दारात मैनाबाई येऊन उभी राहिली. ही एकटी राहणारी म्हातारी विधवा. पदर पाण्यानं ओला, ओठाला गूळ लागलेला.

“साहेब, थांबा जरासे,” चौकट धरून ती म्हणाली. “मघा माही शुगर उतरली. बसल्या जागी कलंडली मी. आवाज द्याले गेली, त आवाज निंघेना. एवढी मंडळी, पन सगयाईचे डोये मिटलेले. एकट्या याकोबचे उघडे होते. त्यानं मले उचलून बाहेर नेलं, गूळपानी पाजलं, आपल्या हातानं घास भरवला. आता तुमीच सांगा, भरलेला मानूस कोनता?”

जोनासभाऊ तोंड पुसून उठले. “मी याकोबचं नाव देतो,” ते म्हणाले. पहिला हात त्यांनीच वर केला.

पाळकसाहेब मैनाबाईकडे वळले. मग म्हणाले, “बायबलमधल्या पहिल्या मंडळीत आत्म्यानं भरलेली माणसं शोधली होती, ती विधवांना जेवण नीट वाढावं म्हणून. मी हे कितीदा शिकवलं आणि आज नेमकं विसरलो. बोलवा याकोबला. त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करू.”

“त्याईले आत नका बोलावू, साहेब!”

सुवार्ताबाई उभी राहिली होती. तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला, अगदी बापासारखा. “लेकराईची पंगत बसली असन. थे अर्ध्यातून उठनार नाहीत. आपनच बाहेर चला.”

आणि ती पुढं निघाली. मघाशी ज्या माणसापायी जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं, तो आपला नवरा आहे, या एका गोष्टीनं तिची मान ताठ झाली होती. अख्खी मंडळी तिच्या मागून मांडवात आली.

याकोब वरणाची बादली घेऊन वाकला होता. एवढी माणसं पाहून तो बिचारा गांगरला. सदऱ्यावर हळदीचे डाग पडले होते. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थनेला सुरुवात केली. सगळ्यांनी डोळे मिटले.

सुवार्ताबाईनं मिटले नाहीत. तिला आज नवऱ्याला डोळे भरून पाहायचं होतं. त्याचेही उघडेच होते. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हनुवटीनं हळूच पंगतीचं टोक दाखवलं. तिथं एक चिमुरडी कोरडा भात चिवडत बसली होती. वरण तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

आमेन व्हायची वाट न बघता सुवार्ताबाईनं त्याच्या हातातली बादली घेतली आणि ती वाढायला निघाली.