पावाच्या पिशवीतली टेप

"ही टेप वाचलीच जाणार नाही," कल्पेश म्हणाला आणि खुर्ची ओढून उन्नतीच्या अगदी पाठीशी बसला.

कारखाना विकला गेला होता. नवा मालक जुन्या कायम कामगारांना परत घ्यायला तयार होता, पण नोकरीचा पुरावा दाखवला तरच. पुरावा कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि कॉम्प्युटर पुराच्या पाण्यात गेलेला. नव्या मालकाची कंपनी हात वर करून मोकळी झाली. मग एका सकाळी, तिथलेच जुने कामगार सॅन्टनकाका यांच्या फाटकाला पाववाला अडकवतो त्या पिशवीत, पावांखाली कारखान्याच्या कॉम्प्युटरची ही बॅकअप टेप निघाली. कोणी ठेवली, देव जाणे.

उन्नतीची आई सत्यवती त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. म्हणून बँकेच्या कॉम्प्युटर विभागात रजा टाकून उन्नती माणिकपूरच्या या ऑफिसात आली होती. तसलंच जुनं मशीन इथे अजून चालू होतं. शेजारी कामगार खात्याचे साहेब, आणि कंपनीतर्फे खोडा घालायला कल्पेश, कारखान्याचा जुना कॉम्प्युटर-प्रमुख.

"बाहेर कुठे प्रत नव्हती का हो?" साहेबांनी त्याला विचारलं.

"रोज एक टेप कारखान्याबाहेर न्यायचा नियम होता. आता कुठली कुठे गेली, कोण सांगणार?"

उन्नतीने टेप ड्राइव्हमध्ये सरकवली. लाल दिवा लागला.

"आधी क्लीनिंग टेप फिरवा, मॅडम. नाहीतर म्हणाल, कंपनीने संधीच दिली नाही."

हा माणूस नुसता टोचायलाच आलाय, असं तिला वाटलं. पण तिने ड्राइव्ह साफ केला. टेप फिरली. मशीनने मात्र एकही फाइल आत घेतली नाही.

"आटपायचं का?" साहेब म्हणाले.

"आणखी एकदा करू द्या, उद्या तक्रार नको," कल्पेश म्हणाला. "मॅडम, हे कारखान्याचं नव्हे, दुसरं मशीन आहे. फरक चालेल असं बजावल्याशिवाय ते परक्याचा माल घेत नाही. बँकेत एवढंही शिकवत नाहीत?"

तिचे कान तापले. तिने तो पर्याय भरला आणि एंटर दाबलं.

फाइली भराभर उतरू लागल्या. पडद्यावर हिरव्या अक्षरांत नावं आली, पुढे खातं, रुजू झाल्याची तारीख. कामगारांतर्फे आत बसलेल्या सॅन्टनकाकांनी पडद्यावरच्या स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

"पान्यात बुडाले म्हनत होते, बाय. बघ, सगले वर आले."

"मान्य," साहेब म्हणाले. "या सगळ्यांना परत घ्यावं लागेल."

जिन्यात थांबलेल्या कामगारांनी टाळ्यांचा कडकडाट केला. उन्नतीला इतका आनंद झाला की रडू येईलसं वाटलं. ती आईचं नाव शोधू लागली. डाइंगचं, म्हणजे रंगाईचं खातं होतं, वर्कशॉप होतं. पॅकिंग नव्हतं. तिने पुन्हा शोधलं. दारात आई हसऱ्या चेहऱ्याने उभी होती.

"पॅकिंगचं कोणीच नाही. लिहून घ्या, साहेब," कल्पेश मोठ्याने म्हणाला.

मग ड्राइव्हमधली टेप काढून त्याने उन्नतीच्या हातात दिली आणि आवाज खाली आणला.

"पॅकिंग दुसऱ्या टेपवर आहे. ती अजून माझ्या कपाटात आहे. उद्या पोचवतो."