वाळूत ओतलेलं पाणी

या माउली, जवळ सरका, पहूरच्या सप्ताहातली एक गोष्ट ऐका. कीर्तनात महाराजांनी सिकंदर रंगवला. जग जिंकून परतताना वाळवंटात त्याचं सैन्य तहानेने मरत होतं. कुणीतरी त्याच्यापुरतं पाणी आणलं, तर "माझे लोक तहानलेले, मी कसा पिऊ?" म्हणत त्याने ते वाळूत ओतलं. टाळ्या पडल्या. लगेच पुढच्या रांगेतल्या पुढारी अण्णांनी उठून हातातली गार बाटली मांडवात ओतली. पुन्हा टाळ्या.

मांडवातच बसलेल्या कुंदाबाईला शिसारी आली. गेल्या वैशाखात याच अण्णांच्या जळगावच्या सभेत तिचा नवरा तोताराम भर उन्हात पाण्यावाचून दगावला होता. बाटल्या फक्त स्टेजवर होत्या. आणि अण्णांच्याच उद्याच्या सभेला निघालेला तिचा मुलगा तेजस शेजारी बसून टाळ्या वाजवत होता. तिने त्याचे हात धरले.

"त्या लोकायले वाळवंटात नेलं कोनं रे?"

"त्यानंच."

"मंग पानी वतून कोनाची तहान भागली?"

तेजस सभेला गेला नाही. सिकंदराचं नाव तर जगाला पाठ आहे. तुम्ही रामकृष्णहरी म्हणाल तेव्हा कुंदाबाईच्या तोतारामाचीही आठवण ठेवा.