गाईडचं ध्यान

नागझिऱ्याचा गाईड प्रफुल पाणवठ्यावर वाघाची वाट बघताना दगडासारखा चूप बसे. पण चर्चच्या पाळकांच्या सांगण्यावरून येशूच्या ध्यानाला बसला, की त्याची नुसती चुळबुळ. दोन डोळे मिटायचे आणि लगेच एक उघडून पाहायचं. आज तर तो वैतागून उठलाच.

"प्रेमिला, रोज चूप बसून राहिलो, तरी येशू काही दिसत नाही. कायले बसाचं मंग?"

चहा गाळणाऱ्या बायकोनं मान वर केली नाही.

"वाघ नाही दिसला, का टुरिस्ट लोकाइले तुमी काय सांगता जी?"

प्रफुल सवयीनं घडाघडा बोलून गेला, "साहेब, आपल्याले वाघ नाही दिसला, पण वाघानं आपल्याले पाह्यलंच असन!"

बोलला, चपापला आणि परत चटईवर जाऊन बसला. या खेपेला दोन्ही डोळे मिटून.