म्हातारीच्या हाताचं घर

नव्या घराचा उंबरा रंगूच्या पायाला ओळखीचा लागला. खाली न बघताच पाय हवा तेवढा उचलला गेला. पोटुशी बाईनं बांधकामाकडं फिरकू नये म्हणून इतके दिवस तिला कुणी टेकावर येऊ दिलं नव्हतं. आज वास्तूच्या दिवशी ती पहिल्यांदाच आत शिरत होती. सोपा, सोप्याच्या टोकाला माजघराचं ठेंगणं दार, दाराशेजारी भिंतीत देवळी. नदीकाठचं जुनं घर जसंच्या तसं टेकाडावर चढून आलं होतं. नवा होता तो फक्त चुन्याचा वास.

"असं का वो बांधलं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

कृष्णात लढाई संपल्यावर पलटणीतून सुटून आला होता. बोलणं आधीच कमी, त्यात तिथून आणखी कमी करून आणलेलं. "आयेसाठी," तो म्हणाला. "आकारामला इचार."

आकाराम गवंडी वाटच बघत होता. "वैनी, म्हातारीला दिसत न्हाई. नव्या घरात चाचपडंल, कुटं तरी पडंल. म्हणून लय दिस तिच्या मागनं हिंडलो. भिंतीवर जितं तिचा हात टेकला तितं कोळशानं खूण केली, सुतळीनं माप घेतलं. तसंच्या तसं हितं उतरवलं. आता डोळं नसलं तरी तिचं काय अडत न्हाई बगा."

यात नाव ठेवायला जागा कुठं होती? माणसानं मायेनं केलेलं काम. पण रंगूनं हे घर मागितलं होतं ते वेगळ्याच कारणानं.

कृष्णातची पहिली बायको, राही, जुन्या घराच्या माजघरात बाळंत होताना गेली. उंच बाई. त्या ठेंगण्या चौकटीवर रोज कपाळ आपटून घ्यायची म्हणे. रंगूनं तिला कधी पाहिलं नव्हतं. पण तिची आंधळी सासू, बनुबाई, त्या दारापाशी आली की थबकायची. पदर सावरून भिंतीला अंग लावायची, कुणाला तरी वाट द्यायची आणि मग पुढं जायची. रोज. "भास हुत्यात तिला," एवढं बोलून कृष्णात मोकळा व्हायचा. गेल्या साली रंगूचं पहिलं मूल त्याच माजघरात मेलेलं जन्मलं, तेव्हापासून तिनं धोशा लावला. दुसरं घर बांधा, मी पुन्हा इथं बाळंत होणार नाही.

आज निघताना तिनं आणखी एक केलं होतं. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं मेलेल्या सवतीच्या नावानं गळ्यात घालायचा तो टाक, चांदीची नखाएवढी बाई, तिनं दोऱ्यासकट काढला आणि जुन्या घराच्या देवळीत ठेवून दिला. "बाई, तू हितंच ऱ्हा," असं तिला सांगितलंसुद्धा.

"सरा, आयेला येऊ द्या," कृष्णात म्हणाला.

बनुबाई उंबरा ओलांडून आत आली. हात भिंतीवर गेला आणि तिचा चेहराच उजळला. "आगं बया, ह्ये तर आपलंच हाय," ती म्हणाली. सगळे हसले. आकारामनं फेटा नीट केला. रंगू मात्र म्हातारीच्या हाताकडं बघत नव्हती, पायांकडं बघत होती. माजघराचं दार जवळ आलं. आता थबकेल, आता भिंतीला लागेल.

म्हातारी थबकली नाही. सरळ आत गेली, चुलीपर्यंत जाऊन आली, पुन्हा सोप्यात.

रंगूचा जीव भांड्यात पडला. पोटावरून हात फिरवत ती आत गेली आणि नव्या चुलीवर दूध उतू घालायला ठेवलं. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

बाहेर म्हातारी देवळी चाचपत होती. "माजी मिसरीची डबी. ही काड्यापेटी. आकारामा, समदं जागच्या जागी हाय रं."

"आता मागनं जुन्या घरात जाऊन उचलून आणलं, काकी. देवळीत जे हुतं ते तसंच मांडलं. काय बी मागं ऱ्हायलं न्हाई."

दुधावर साय धरत होती. रंगू ती बघतच राहिली.

"आन् ह्ये?" म्हातारी म्हणाली. मग तिनं हाक मारली, "रंगू, भाईर ये गं."

रंगू उठली. ठेंगणी चौकट तिच्या डोक्याच्या वीतभर वरच राहिली. तिला त्या दारात कधी वाकावंच लागलं नव्हतं. तिची चाहूल लागली तशी बनुबाईनं पदर सावरला, भिंतीला अंग लावलं आणि सुनेला वाट दिली. रंगू पुढं झाली आणि सोप्यात मान खाली घालून उभी राहिली. टाक बांधून घ्यायचा, चुकलं म्हणायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

पण सासू येईना. रंगूनं वळून पाहिलं.

बनुबाई अजून भिंतीला लागूनच उभी होती. मुठीतून टाकाचा काळा दोरा लोंबत होता, आणि तोंड रिकाम्या दाराकडं होतं.

"वाक गं पोरी," ती मायेनं म्हणाली. "तीच चौकट हाय."