नववा ग्रह

"पाचव्या ग्रहावर सगळे उजवीकडं उडी मारून मरतात. डावीकडं मारा, तिथं न दिसणारी पायरी आहे. ती मी शोधली होती." अंतराळवीराच्या जुन्या टीव्ही गेमवर लोकांनी फेसबुकच्या ग्रुपमध्ये मतं मांडली होती. कुणी शिव्या घातल्या होत्या, कुणी बालपणाच्या नावानं गळे काढले होते. पण सगळ्यांत वर होतं ते वृंदाच्या दादाचं हे मत. खाली चारशे अंगठे.

वृंदाचे कान तापले. लहानपणी दादा क्लासला गेला की टीव्ही गेमचा रिमोट तासभर तिचा असायचा. एकदा चुकून उलटं बटण दाबलं गेलं आणि ती पायरी सापडली. दादा घरी आल्याआल्या तिनंच त्याला दाखवली होती.

"दादा, पायरी मी शोधली होती," तिनं लिहिलं.

मिनिटभरात उत्तर आलं. "अगं, तू तर शेजारी बसून टाळ्या वाजवायचीस!" त्यावर भराभर हसरे चेहरे पडले.

मग कुणीतरी विचारलं, "आणि नववा ग्रह कसा पार करायचा?"

"नाही होत," दादानं ठणकावलं. "गेममध्येच खोट आहे. पंचवीस वर्षं डोकं आपटतोय. कुणालाच जमलेलं नाही."

वृंदाला जमलं होतं. एका मंगळवारी, तो क्लासला असताना. तो हिरमुसेल म्हणून तेव्हा तिनं सांगितलं नव्हतं.

आजही तिनं सांगितलं नाही. मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, "बस आपटत."